संसर्गजन्य रोगांच्या लॅबमध्ये काम करणारी माणसं : त्यांच्याबद्दल बोलूया का?

मायक्रोवाली (गंगापूर रोड)

नमस्कार मंडळी. करोनाच्या काळात इथे डॉक्टर, नर्स, पोलिस, सफाई कामगार, सगळ्यांवर धागे निघाले आणि चांगलेच होते, पण लॅबमधल्या माणसांवर एकही निघाला नाही हे मला तेव्हापासून खटकतंय. म्हणून आज मीच काढतेय. मी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, आधी पुण्यात एका रिसर्च लॅबमध्ये टीबीवर काम केलं, आता लग्नानंतर नाशकातच एका लॅबमध्ये आहे. नावं लिहिणार नाही, पण कामाबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

टीव्हीवर लॅब दाखवतात तेव्हा पांढऱ्या कोटातला एक शास्त्रज्ञ दाखवतात आणि संपलं. खरी लॅब म्हणजे एक मोठे सर किंवा मॅडम ज्यांच्या नावावर प्रोजेक्ट असतो, त्यांच्या हाताखाली दोन-चार पीएचडीची पोरं, मग टेक्निशियन, मग लॅब अटेंडंट, ॲनिमल हाऊसची माणसं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायचं यंत्र) लावणारे, कचरा उचलणारे, एसी आणि फिल्टर सांभाळणारे, आणि सॅम्पलचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं येणारे. पेपरात नाव पहिल्या दोघांचं येतं. पण जिवाणूच्या सगळ्यात जवळ कोण असतं विचाराल तर टेक्निशियन आणि अटेंडंट.

टीबीचंच सांगते, ते मला हातचं माहीत आहे. थुंकीचं सॅम्पल फाल्कन ट्यूबमध्ये येतं. आपण अंगावर गाऊन, दोन ग्लोव्हज एकावर एक, एन-९५ घालून बायोसेफ्टी कॅबिनेटसमोर बसायचं. कॅबिनेटमध्ये हवा सतत आत ओढली जात असते आणि फिल्टरमधून जाते, त्यामुळे हात आत घातले की झटके द्यायचे नाहीत, भराभरा बाहेर काढायचे नाहीत, नाहीतर हवेचा पडदा मोडतो. ट्यूबचं झाकण सावकाश उघडायचं. एनएएलसी आणि सोडियम हायड्रॉक्साइड ही रसायनं घालायची, त्यानं चिकट बेडका सुटा होतो आणि बाकीचे फालतू जिवाणू मरतात. टीबीच्या जिवाणूला मेणासारखं आवरण असतं म्हणून तो तगतो, पण तोही किती वेळ? पंधरा मिनिटांच्या वर गेलात तर तोही मरायला लागतो आणि पेशंटचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून टायमर लावून बसायचं. मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवायचं मशीन. ते थांबलं तरी त्याचे डबे बाहेर उघडायचे नाहीत, झाकणासकट कॅबिनेटमध्ये आणायचे आणि आतच उघडायचे, कारण आत एखादी ट्यूब फुटली असेल तर डोळ्याला न दिसणारे थेंब हवेत उडतात आणि टीबी श्वासातूनच होतो.

हे सगळं एका सॅम्पलला. अशी सॅम्पल्स ओळीनं लागलेली असतात, मध्ये पाणी प्यायला उठता येत नाही, नाक खाजलं तर खाजवता येत नाही.

मग कल्चर लावायचं, म्हणजे जिवाणू वाढवून बघायचा. टीबीचा जिवाणू साधारण दिवसातून एकदाच दुभागतो, बाकीचे बरेचसे वीस-तीस मिनिटांत दुभागतात. त्यामुळे लिक्विड कल्चरला ४२ दिवसांपर्यंत थांबावं लागतं, आणि एलजे मीडिया म्हणजे अंड्याचा हिरवा तिरका थर, त्यावर सहा ते आठ आठवडे. आठवड्याला बाटली उजेडात धरून बघायचं. आल्या तर पिवळसर, खरखरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कॉलनी. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं, त्यालाही असाच धीर धरून बसावं लागलं होतं. आणि ती वाट बघणारी माणसं आज आपल्या देशात तर हवीच आहेत, कारण जगातले साधारण पाव टीबी पेशंट भारतात आहेत.

मला एवढंच म्हणायचंय की या लॅबची सगळी सुरक्षितता, सगळा खरेपणा शेवटी या खालच्या पगारातल्या माणसांच्या हातांच्या सवयीवर उभा आहे. आणि त्यांनाच आपण सगळ्यात कमी ओळखतो. तुमच्या घरात, ओळखीत कोणी असं काम करत असेल तर लिहा. प्रश्न असतील तर विचारा.

---

गोदाकाठचा_मंदार

ताई, फार छान धागा. एक प्रश्न. आमच्या काकांना टीबी निघाला तेव्हा पहिला रिपोर्ट त्याच दिवशी आला आणि नंतर म्हणाले कल्चरचा रिपोर्ट दीड-दोन महिन्यांनी येईल. आम्हाला वाटलं लॅबवाले टाळाटाळ करतायत, घरात त्यावरून बरीच बोलाबोली झाली. एकाच रोगाला दोन रिपोर्ट कशाला?

---

मायक्रोवाली

मंदार, त्याच दिवशी आलेला तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅटचा असणार. सीबीनॅट दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का ते सांगतं. ट्रूनॅट आपल्याकडचं, गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं म्हणून तालुक्याच्या ठिकाणीही ठेवता येतं. पण ही मशीन जिवाणूचा डीएनए बघतात, आणि डीएनए मेलेल्या जिवाणूचाही सापडतो. औषध चालू झाल्यावर आतला जिवाणू खरंच मेला का जिवंत आहे, बाकीची औषधं चालतील का, हे बघायला तो वाढवूनच बघावा लागतो. त्याची वाढायची गती आपल्या हातात नाही. काकांची तब्येत आता कशी आहे?

---

गोदाकाठचा_मंदार

आता एकदम ठणठणीत. कोर्स पूर्ण केला, शेतावर जातात. हे आधी कोणी असं समजावून सांगितलं असतं तर घरात एवढी चिडचिड झाली नसती.

---

जुना_नाशिककर

सुंदर विषय. मी निवृत्त शिक्षक, पंचवटीत राहतो. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं प्लेगच्या गोष्टी सांगायची, उंदीर पडायला लागले की घराला कुलूप लावून गावाबाहेर मळ्यात झोपड्या बांधून राहायचं. त्यामुळे मला हाफकिनबद्दल वाचायची गोडी लागली, त्यातलं थोडं लिहितो.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या माणसाला बोलावलं गेलं. हा मूळचा रशियन साम्राज्यातला, ओडेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत कॉलऱ्याची लस केलेला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा दिली आणि हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स. एवढ्या माणसांवर प्लेगचा जिवाणू वाढवायचं काम चाललं होतं, आणि बाहेर शहर ओस पडत होतं. कामाच्या ताणानं एक सहाय्यक पार खचला आणि दोघं सोडून गेले असं नमूद आहे. त्यांची नावं काही मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

आणि वाढवायची पद्धत ऐका. रश्श्यासारख्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. त्या तुपाच्या खालच्या बाजूला प्लेगचे जिवाणू चिकटून लोंबत वाढायचे, भांडं हलवलं की ते तुटून खाली पडायचे आणि पुन्हा नवे लोंबायचे. म्हणजे ते भांडं कोणीतरी रोज हातात घेऊन हलवत होतं! मास्क नाही, कॅबिनेट नाही. मग ते जिवाणू गरम करून मारायचे आणि त्याची लस. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननं ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण तो टिकला. आणि पुढे दोनच महिन्यांत, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगानं गेल्या.

पुढे १९०२ मध्ये पंजाबात मलकोवाल गावी लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वातानं गेली. खापर हाफकिनच्या लॅबवर फुटलं, त्याला बाजूला केलं. पाच वर्षांनी, १९०७ मध्ये त्याच्यावरचा ठपका निघाला. बाटली गावात उघडताना दूषित झाली असणार, असं पुढे आलेल्या पुराव्यांवरून दिसत होतं. मायक्रोवाली ताई म्हणतात ते बरोबर आहे, बाटलीचं झाकण कोण कसं उघडतं यावर सगळं असतं.

---

सातपूरचा_राहुल

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. मला अशा लॅब वस्तीजवळ नको वाटतात. करोना लॅबमधून आला का बाजारातून हे भांडण अजून चालू आहे. आमच्या घरी लहान मुलं आहेत. तुम्ही म्हणता सगळं माणसांच्या सवयीवर आहे, मग माणूस एखाद्या दिवशी थकलेला असेल, घरी भांडून आला असेल, तर काय? आणि एवढी रिस्क घेऊन पगार किती मिळतो तेही सांगा.

---

मायक्रोवाली

राहुल, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो गुळगुळीत करून उत्तर देणार नाही. लॅबमधून रोग बाहेर गेल्याच्या घटना घडल्यात. १९७८ ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मेडिकल स्कूलमध्ये देवीच्या विषाणूची लॅब होती, तिच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या जॅनेट पार्कर या फोटोग्राफर बाई देवीच्या रोगानं वारल्या. देवीचा जगातला शेवटचा मृत्यू तो. निसर्गातली देवी त्याआधीच संपली होती. २००४ ला बीजिंगमध्ये सार्सच्या लॅबमधल्या एका विद्यार्थिनीला लागण झाली, ती वाचली, पण तिची काळजी घेणारी आई गेली. आपल्याकडे १९५७ ला कर्नाटकात माकडताप सापडला तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या), लोकांनी जंगलात जाऊन तो विषाणू शोधला आणि त्यात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तोच ताप आला.

हे बघूनच पुढचे नियम झाले. रोगाप्रमाणे बीएसएल-१ ते बीएसएल-४ असे लॅबच्या सुरक्षिततेचे चढते स्तर. टीबीचं कल्चर बीएसएल-३ सारख्या बंदिस्त जागेत, निपाहसारखे विषाणू बीएसएल-४ मध्ये. तशी लॅब पुण्यात एनआयव्हीकडे पाषाणला आहे. तुमच्या घराशेजारच्या नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असलं काही वाढवत नाहीत.

आणि थकलेल्या माणसाचं म्हणाल तर म्हणूनच आम्ही एकट्यानं आत जात नाही. चांगल्या लॅबमध्ये "मला आज बरं वाटत नाहीये, मी आत जात नाही" असं म्हटल्यावर कोणी तोंड वाकडं करत नाही. वाईट लॅब ओळखायची असेल तर तिथे हे म्हणायला लोक घाबरतात. खरा धोका मला तिथे दिसतो, भिंतीत नाही.

पगार : नेट पास होऊन जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या पोरांची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,०००, पुढे वरच्या एसआरएफ फेलोशिपला ४२,०००, वर घरभाडं. पण प्रोजेक्टवरच्या टेक्निशियनचं मानधन बरंच कमी, आणि अटेंडंटचं तर विचारूच नका, तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो.

---

एचव्हीएसीवाला_अंबड

माझा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी इथे फक्त वाचतो. आम्ही अंबड एमआयडीसीतून फार्मा आणि लॅबची हवेची कामं करतो. राहुलभाऊ, बीएसएल-३ ची खोली कशी असते सांगतो. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत जाते, बाहेर येत नाही. एका मागोमाग दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून, तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. दाराबाहेर भिंतीवर गोल मीटर असतो, मॅग्नेहेलिक गेज म्हणतो आम्ही, त्याचा काटा बघून वहीत रीडिंग लिहिल्याशिवाय आत कोणी जायचं नाही असा नियम.

आमचा टेक्निशियन छताच्या वर, पोटमाळ्यासारख्या जागेत, उन्हाळ्यात घामानं निथळत रांगत जाऊन फिल्टर तपासतो. फिल्टरच्या एका बाजूला तेलाचा बारीक धूर सोडायचा आणि दुसऱ्या बाजूनं प्रोब फिरवून कुठून गळतो का बघायचं. कडेचं गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) इंचभर जरी बसलं नसेल तरी पकडायचं. हा पोरगा आयटीआय झालेला आहे, त्याला विषाणू म्हणजे काय विचारलं तर सांगता येणार नाही, पण त्या गॅस्केटवर तो तासन्‌तास घालवतो. मला त्याचा फार अभिमान आहे.

आणि एक नाशिककर म्हणून सांगतो, देशातली पहिली फिरती बीएसएल-३ लॅब १८ फेब्रुवारी २०२२ ला आपल्या नाशकातच सुरू झाली, डॉ. भारती पवार तेव्हा केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या, त्यांच्या हस्ते. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि मुंबईच्या एका कंपनीनं मिळून बसच्या आत बनवली. पुढच्या वर्षी केरळात कोझिकोडला निपाह आला तेव्हा ती तिकडे पाठवली. म्हणजे पुण्याला सॅम्पल पोचायची वाट न बघता साथीच्या गावातच तपासणी. रस्त्यावरच्या खड्ड्यांतून ते फिल्टर, ते दाब जसेच्या तसे न्यायचे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा किती अवघड आहे.

---

सातपूरचा_राहुल

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद दादा. भीती पूर्ण गेली म्हणणार नाही पण आता निदान कुठला प्रश्न विचारायचा ते कळलं.

---

डासवाल्याचा_मुलगा

माझे वडील एका संशोधन संस्थेत इन्सेक्टरीत अटेंडंट होते, म्हणजे डास पाळायचं काम. आम्ही मूळचे निफाडचे, ते नोकरीला बाहेर, आम्ही गावी. शाळेत पोरं मला डासवाल्याचा म्हणायची, म्हणून तेच नाव घेतलंय.

लोकांना वाटतं डास काय कुठेही होतात. पण संशोधनाला लागतात ते एका जातीचे, एका वयाचे, निरोगी. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी ओल्या कागदाच्या पट्टीवर घेतात, काळी बारीक, मोहरीपेक्षाही लहान. कागद सुकवून ठेवला तर ती अंडी कित्येक महिने टिकतात, पाण्यात टाकली की फुटतात. अळ्यांना यीस्ट आणि कुत्र्याच्या बिस्किटांची पूड. ती जास्त पडली तर पाण्यावर साय येते आणि अळ्या मरतात, कमी पडली तर डास बारके होतात. मोठ्या डासांना जाळीच्या पिंजऱ्यात साखरेचं पाणी आणि भिजवलेले मनुके. वडील गावी आले की जाताना हमखास मनुके न्यायचे, आई म्हणायची माझ्या माणसाला पगार मिळतो आणि मनुके डास खातात.

तोंडानं ओढायच्या नळीनं डास मोजून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात घ्यायचे, नळीत मध्ये जाळी असते. माद्या वेगळ्या, नर वेगळे, नुसत्या मिशांवरून ओळखायचे, नराच्या मिशा झुपकेदार. वडील हे भिंग न लावता करायचे. एकदा साहेबांच्या परदेशी पाहुण्यांना दाखवायला त्यांना पुढे बोलावलं होतं. पेपर छापले गेले त्यात कधी शेवटी आभारात नाव आलं, कधी नाही. पण नागपूरकडे चांदीपुरा तापाची साथ आली असं टीव्हीवर लागलं की ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे. तो विषाणू १९६५ ला नागपूर भागात पहिल्यांदा सापडला, वाळूमाशीमुळे पसरतो, ते सगळं आम्हाला जेवताना सांगायचे. आता ते नाहीत. त्यांच्या कामाबद्दल कोणी धागा काढेल असं वाटलं नव्हतं, ताई. मनापासून आभार.

---

मायक्रोवाली

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वडिलांना नमस्कार. इन्सेक्टरीतला अनुभवी माणूस रिटायर झाला की पूर्ण कॉलनी बसते, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे.

---

देवळाली_कॅम्पची_आई

माझी मुलगी मायक्रोत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एका टीबी रिसर्चच्या प्रोजेक्टवर काम मिळतंय, दुसऱ्या शहरात. ती हट्टाला पेटलीय, तिचे बाबा नको म्हणतात, पुढे लग्नाला अडचण येईल, मुलंबाळं व्हायच्या वेळी काही झालं तर. मी मध्ये अडकलेय. तुम्ही सगळे अनुभवी दिसता, खरं काय ते सांगा.

---

शिल्पा_डीएमएलटी

काकू, मी सांगते, दोन्ही बाजू सांगते. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, करोनात आरटीपीसीआरच्या लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते. पीपीई घातला की सहा-सहा तास बाथरूमला जाता यायचं नाही, म्हणून पाणीच प्यायचो नाही. घशातल्या स्वॅबच्या नळ्या रात्री दोन वाजताही येत होत्या. तेव्हा मी ज्या सोसायटीत भाड्यानं राहत होते तिथल्या लोकांनी लिफ्ट वापरू नका सांगितलं, मग घरमालकांनी खोली सोडा सांगितलं. २२ एप्रिल २०२० ला आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षेचा अध्यादेश निघाला, पण खोली सोडा म्हणण्यावर कुठे तक्रार करणार? मैत्रिणीच्या घरी राहिले. आणि साथ ओसरल्यावर कॉन्ट्रॅक्ट संपलं, घरी पाठवलं. टाळ्या वाजवल्या त्याच लोकांच्या शहरात मी सहा महिने बेकार होते याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण मुलीला अडवू नका असंच म्हणेन. मी आज पुन्हा लॅबमध्येच आहे. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा ग्राफ स्क्रीनवर चढताना बघायला मिळतो ना, एका घरात पुढे काय होणार ते आपल्याला सगळ्यात आधी कळतं, आणि आपण नीट केलं तर ते बरोबर कळतं. ते सोडवत नाही.

---

मायक्रोवाली

शिल्पा, तुझा राग अगदी खरा आहे, साथीत घेतलेली माणसं साथीनंतर ठेवली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा शून्यातून शिकवत बसायचं.

काकू, तुमच्या लेकीला तिथे जॉइन व्हायच्या आधी हे विचारायला सांगा. हिपॅटायटिस-बी चे तीनही डोस (शून्य, एक, सहा महिने) झालेत का आणि त्यानंतर टायटर, म्हणजे लस रक्तात लागू पडली का, ते बघतात का. जॉइन होताना छातीचा एक्स-रे आणि दरवर्षी तपासणी करतात का. एन-९५ ची फिट टेस्ट करतात का, म्हणजे मास्क चेहऱ्याला खरंच चिकटतो का ते बघतात, नुसता डबा हातात देत नाहीत. लॅबमध्ये बायोसेफ्टी ऑफिसर कोण, अपघात झाला तर कोणाला फोन करायचा. सुई टोचली तर एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतं, ते कुठे मिळतं हे आधीच ठरलेलं हवं. विमा आहे का, कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही आहे का. आणि पुढे दिवस राहिले तर कल्चरच्या कामावरून काढून दुसरं काम देतात का. पगार कापून नव्हे.

याची उत्तरं त्यांनी पटापट दिली तर बिनधास्त पाठवा. "ते नंतर बघू" म्हणाले तर दुसरी लॅब शोधा. लग्नाचं म्हणाल तर टीबी लॅबमध्ये काम करणं म्हणजे टीबी असणं नव्हे, हे सासरच्यांना पहिल्या भेटीतच सांगायचं. मी तसंच सांगितलं होतं.

---

स्वाती_म्हसरूळ

काकू, अजून एक. १९८६ ला भारतात एचआयव्ही आहे हे पहिल्यांदा शोधलं ते मद्रासच्या डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी. निर्मला तेव्हा लग्न झालेल्या, घरी लहान मुलं. वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त गोळा करायला स्वतः गेल्या. नीट सोय नव्हती म्हणून सीरम घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं, आणि तपासणीची सोय वेल्लोरला होती म्हणून बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या ट्रेननं घेऊन गेल्या. नवऱ्यानं पूर्ण साथ दिली. आणि २०२० ला पुण्यात करोनाचं टेस्टिंग किट बनवणाऱ्या टीमच्या प्रमुख मीनल दाखवे भोसले, किट तपासणीला देऊन दुसऱ्या दिवशी बाळंत झाल्या. बाबांना हे नक्की वाचायला द्या.

---

जुना_नाशिककर

एक विनंती, कचरा उचलणाऱ्या माणसांवर कोणीतरी लिहा. त्यांचा उल्लेख सुरुवातीला आला आणि मग राहून गेला.

---

मायक्रोवाली

सर, बरोबर. आमच्याकडे एक मावशी आहेत, ऑटोक्लेव्ह आणि कचरा त्यांच्याकडे. कल्चरच्या प्लेट, ट्यूब काहीही असो, लॅबबाहेर जायच्या आधी ऑटोक्लेव्हमधून जायलाच हवं, १२१ डिग्री, १५ पौंड दाब. नुसतं मीटरवर बघून चालत नाही, आत एक स्पोअरची पट्टी ठेवतात, फार चिवट जिवाणूचे बीजाणू असतात त्यावर, ते मेले तरच बाकीचे मेले असं धरायचं. मग रंग : पिवळ्या पिशवीत रक्त-थुंकी लागलेलं आणि कल्चर, लाल पिशवीत प्लास्टिक, निळ्या खोक्यात काच, पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुया. २०१६ चे नियम आहेत.

मावशींना वाचता येत नाही पण रंग कधी चुकत नाहीत. उलट लाल पिशवीत सुई दिसली तर पिशवी तशीच ठेवतात आणि ज्याच्या टेबलाची असेल त्या साहेबाला बोलावून आणतात, कितीही मोठा असो. त्यांना हातमोजे पातळ दिले होते, ठेकेदार जाड मोजे द्यायला तयार नव्हता, शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून लेखी दिलं तेव्हा कोपरापर्यंतचे जाड मोजे आणि गमबूट आले. हे भांडावं लागतं, दर वर्षी नव्या ठेक्याच्या वेळी भांडावं लागतं. कुंभमेळा तोंडावर आहे, नाशकात पाण्याची, सांडपाण्याची, जुलाबाच्या पेशंटची सॅम्पल्स ढिगानं वाढणार. १८६७ ला हरिद्वारच्या कुंभातून कॉलरा उत्तर भारतभर पसरला होता. आपल्याकडे तसं होऊ नये म्हणून रामकुंडाचं पाणी बाटलीत भरणारा, क्लोरीनची ओटी टेस्ट करणारा, रात्री प्लेट मोजणारा आणि सकाळी त्या प्लेट ऑटोक्लेव्हला टाकणारा, सगळे लागणार आहेत. त्यांची भरती आत्ता करा, लसी आत्ता द्या, मोजे आत्ता द्या, असं मला महापालिकेला आणि जिल्ह्याला सांगायचंय. इथे कोणी नगरसेवकांच्या ओळखीचं असेल तर हा धागा पुढे पाठवा.

---

एचव्हीएसीवाला_अंबड

ताई, एका माजी नगरसेवकांना पाठवलाय. बघतो म्हणालेत. मी पाठपुरावा करतो.

---

देवळाली_कॅम्पची_आई

मुलीनं तुमची यादी घेऊन काल त्या लॅबला फोन केला. फिट टेस्ट आहे, एक्स-रे आहे, विमा फक्त कायम लोकांना आहे म्हणाले. तिनं ईमेल करून कॉन्ट्रॅक्टवाल्यांच्या विम्याचं लेखी विचारलंय. तिचे बाबा म्हणाले उत्तर आल्यावर बोलू. आधी सरळ नाहीच म्हणत होते.

---

निफाडची_बाई

मी निफाड तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. डासवाल्याचा मुलगा आणि मायक्रोवाली ताई, २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिनी आमच्या आठवी-नववीच्या मुलांसमोर बोलायला याल का? मुलांना शास्त्रज्ञ म्हणजे फोटोतला माणूस एवढंच माहीत आहे. येण्याजाण्याची सोय आम्ही करू.

---

डासवाल्याचा_मुलगा

मी येतो. वडिलांची डास ओढायची काचेची नळी अजून घरी आहे, ती आणतो.

---

मायक्रोवाली

बाई, नक्की. टीबीच्या रंगवलेल्या स्लाइड आणते, त्या उष्णतेनं पक्क्या केलेल्या आणि मेलेल्या जिवाणूंच्या असतात, मुलांना धोका नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. फक्त शाळेच्या मायक्रोस्कोपला १०० एक्सची ऑइल इमर्शन लेन्स आहे का ते बघून ठेवा. बऱ्याच शाळांत ४० पर्यंतच असते, त्यात काही दिसणार नाही. नसेल तर आधी कळवा, मी आमच्याकडच्या जुन्या मायक्रोस्कोपसाठी परवानगी काढते. आणि जमलं तर मावशींनाही घेऊन येईन, त्यांची सुट्टी मिळते का विचारते.